षड्ज कुणाचा?

बेला बार्टोक या हंगेरियन संगीतकाराने १९३१ साली दोन व्हायोलिनांसाठी चव्वेचाळीस लहान लहान रचना लिहिल्या. लहान म्हणजे किती, तर त्यांतील कित्येक एका मिनिटाच्या आत संपतात आणि सगळ्या ओळीने वाजविल्या तरी तास भरत नाही. एका मिनिटात आपल्याकडे तंबोऱ्याची एक तारसुद्धा मनासारखी लागत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रकाराचा आटोपशीरपणा वाचकांच्या लक्षात यावा. या संग्रहातील तेहतिसाव्या रचनेचे नाव 'सुगीचे गाणे'. वाजते ती दोन मिनिटांच्या आतबाहेर. आमच्या छत्रीबागेतील घरात मात्र तिने चांगला पाच महिने मुक्काम ठोकला, आणि त्या मुक्कामाचीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

प्रथम अधिकाराविषयी. आम्ही संगीतज्ञ नव्हे. आमचे एम. ए. मराठीचे, चरितार्थ शासकीय शाळेच्या मुख्याध्यापकीवर. सकाळच्या प्रार्थनेपासून संध्याकाळच्या हजेरीच्या गोषवाऱ्यापर्यंत आमचे सारे बोलणे-लिहिणे हिंदीत चालते. एखादी ओवी ओठांवर आलीच तर ती तशीच परत गिळावी लागते, कारण समोर मध्यान्ह भोजनाच्या गव्हा-तांदळाचा हिशेब उघडलेला असतो. स्वरांचे ज्ञान म्हणाल तर लहानपणापासून कानांवर पडले तेवढेच. पण ते पुष्कळ पडले, कारण आमच्या घरात दोन व्हायोलिने होती.

एक आमच्या वडिलांचे, दुसरे धाकट्या काकांचे. काकांना घरात सगळेच 'भाऊ' म्हणतात. दोघे बंधू एकाच गुरुजींकडे शिकले. वडील पोस्टात लागले. भाऊंची हयात बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात गेली. घर जुने, दुमजली. खाली भाऊंचा संसार, वर आमचा. होळकरांच्या छत्र्यांवरून नाव पडलेला हा मोहल्ला. लक्ष्मी-वेंकटेशाचा रथ निघतो त्या दिवशी गल्लीत पाऊल ठेवायला जागा नसते. कोजागिरीला गच्चीवर आणि गणपतीत खालच्या ओसरीवर दोघे भाऊ जुगलबंदी वाजवीत. व्ही. जी. जोग आणि बिस्मिल्ला खाँ यांच्या व्हायोलिन-सनईच्या ध्वनिमुद्रिकेची आमच्याकडे इतकी पारायणे झाली होती की तिचा एक चरा आम्हां मुलांना तोंडपाठ होता. तो आला की आम्ही सम आल्यासारखी मान हलवीत असू.

वडील २०१८ च्या हिवाळ्यात गेले. त्यानंतर भाऊंनी व्हायोलिनची पेटी उघडली नाही. त्याच सुमारास घराचा प्रश्न निघाला. एका बांधकाम करणाऱ्याने सबंध घर पाडून तेथे चार मजले उठविण्याचा प्रस्ताव आणला होता. आम्हाला तो पटत होता, भाऊंना पटत नव्हता. आमच्या बाजूने गळके छत, खचलेली मोरी, कन्येचे पुढले शिक्षण अशी कारणे होती. त्यांच्या बाजूला कारण असे नव्हतेच, केवळ 'नाही' हा एक शब्द होता. भांडण झाले नाही. झाले असते तर बरे, अशी अवस्था मात्र आली. वर-खाली बोलणे उरले ते पाण्याच्या मोटरीचे, विजेच्या बिलाचे आणि श्राद्धपक्षाच्या तिथीचे. प्रस्तावाचा कागद आमच्या कपाटात दोन सह्यांच्या जागा रिकाम्या ठेवून पडून राहिला.

अशा घरात बार्टोक आला तो आमच्या कन्येच्या हातून. तिने आजोबांचे व्हायोलिन घेतले खरे, पण वाट निराळी धरली. २०२० साली सगळे घरात कोंडले गेले तेव्हा मुंबईच्या एका बाईंकडून तिने संगणकाच्या पडद्यावर पाश्चात्त्य पद्धतीचे शिक्षण सुरू केले आणि पुढे ते नेटाने चालविले. गेल्या कार्तिकात बाईंनी तिला ही युगुलवादने दिली आणि अट घातली: ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवायचे नाही, माणसाबरोबर वाजवायचे. इंदुरात शोधले असते तर कोणी मिळालेही असते. पण कन्येने शोध घेतला तो सतरा पायऱ्या उतरून खाली.

या युगुलांचा जन्मच मुळी शिक्षणासाठी झालेला आहे. एरिख डोफ्लाइन नावाचा एक जर्मन व्हायोलिनशिक्षक होता. नवशिक्या मुलांच्या हाती जुनी, गुळगुळीत झालेली गतेच सतत पडतात, आपल्या काळाचे संगीत त्यांच्या बोटांखाली कधी येतच नाही, ही त्याची तक्रार. (मराठीच्या पाठ्यपुस्तकांविषयी आमची तक्रार काही वेगळी नाही, असो.) त्याने बार्टोककडे पियानोवरील काही मुलांच्या तुकड्यांचे रूपांतर करण्याची परवानगी मागितली. बार्टोकने परवानगीऐवजी नव्या रचनाच लिहून दिल्या. सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने त्या मांडलेल्या आहेत. मैफलीत मात्र त्या क्रमाने वाजवू नयेत असे त्यानेच बजावून ठेवले आहे. दोन रचना सोडल्या तर बाकी सगळ्यांचे मूळ कुठल्या ना कुठल्या लोकगीतात आहे. चिडवण्याचे गाणे, अंगाई, लग्नातले गाणे, उशीचे नृत्य, डास, बागपाइप या वाद्याची नक्कल, असा सगळा गावगाडा त्यांत आहे. पुढे इटलीच्या लुचानो बेरिओने १९७९ ते १९८३ या काळात अशीच चौतीस युगुले लिहिली, प्रत्येकाला कोणा ना कोणा व्यक्तीचे नाव दिले, आणि पहिल्याचे नाव ठेवले 'बेला'. गुरुऋण फेडण्याची ही रीत आम्हाला फार आवडली.

भाऊंनी पहिल्या दिवशी पेटी उघडली ती निव्वळ नातीला नाही म्हणता येईना म्हणून. आणि पेटी उघडताच पहिली अडचण उभी राहिली. आपल्या पद्धतीत व्हायोलिनच्या चार तारा सा-प-सा-प अशा लावतात. भाऊंचा सा पांढरी पाचचा. कन्येच्या तारा प्रत्येकी पंचमाच्या अंतराने चढत जाणाऱ्या: पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन. म्हणजे खालच्या दोन तारा जुळल्या. वरच्या दोन्ही भाऊंना एकेक स्वर चढवाव्या लागणार. त्यांनी चढविल्या. कित्येक वर्षे पेटीत निजलेली चौथी तार खाडकन तुटली आणि हाताला निसटता चटका देऊन गेली. आम्हाला वाटले, संपले. तर दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ स्वतः जाऊन नव्या तारा आणि राळेचा खडा घेऊन आले.

दुसरी अडचण बैठकीची. भाऊ मांडी घालून बसतात, व्हायोलिनचे डोके उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवितात. हात मोकळा राहतो, मींड लांब घेता येते. कन्या उभी राहून हनुवटीखाली व्हायोलिन धरते. एकाचे डोळे जमिनीकडे, दुसरीचे भिंतीकडे. या संगीतात तबला नाही, ठेका नाही. सुरुवात करावयाची ती एकमेकांच्या श्वासावर आणि डोळ्यांच्या इशाऱ्यावर. दोन दिवस दोघांची सुरुवात चुकत राहिली. अखेर कन्येने स्वयंपाकघरातले बुटके स्टूल आणले, त्यावर ती बसली, आणि काम सुरू झाले.

पाश्चात्त्य लिपी भाऊंना येत नाही आणि या वयात शिकण्याची त्यांची इच्छा नव्हती. म्हणून कन्येने दुसऱ्या व्हायोलिनचा भाग भातखंडे पद्धतीने सरगमात लिहून दिला. भाऊंनी तो पाहिला, अक्षर नापसंत केले, आणि नकाशाच्या कागदावर स्वतःच्या हाताने पुन्हा उतरविला. कोमल स्वरांखालच्या रेषा पट्टीने आखलेल्या. अशी पहिली आठ-दहा युगुले महिनाभरात झाली. मींडीवरून वाद होत. "आजोबा, इथे सरळ जायचं, घसरत नाही," असे कन्या म्हणे. त्यावर "घसरत नाही बेटा, पोचतो," असे भाऊ म्हणत. आमची जेवणे वर होत आणि आम्ही जिन्याच्या तोंडाशी पान मांडून घेऊ लागलो, याची कबुली सौभाग्यवतींच्या आग्रहावरून देत आहोत.

मग तेहतिसावे आले.

ही रचना पाच तुकड्यांची आहे असे स्थूलमानाने म्हणता येईल: संथ भाग, मग त्याहून थोडा चालता, पुन्हा संथ, अशी आलटापालट. गंमत आहे ती पहिल्या संथ ओळींत. वरच्या व्हायोलिनला तेथे मिळाले आहेत केवळ चार स्वर. आपल्या भाषेत सांगायचे तर सा, रे, कोमल ग आणि म. खालच्या व्हायोलिनलाही नेमके तसेच चार. पण खालच्याचा सा वरच्याच्या सा वर नाही. तो आहे वरच्याच्या तीव्र मध्यमावर. कन्येने दोघांचे भाग ज्याच्या त्याच्या षड्जाने लिहिले होते. त्यामुळे कागदावर दोन्ही ओळी जुळ्या बहिणींसारख्या दिसत. वाजविल्या की मात्र एकीचे दुसरीशी काही नाते आहे असे कानाला पटेना.

भाऊंनी विचारले, "सा कुणाचा धरायचा?"

"तुमचा तुमचा, माझा माझा," कन्या म्हणाली.

भाऊंनी गज खाली ठेवला. "मग एकत्र बसायचं कशाला?"

हे वाक्य त्यांनी व्हायोलिनविषयी उच्चारले होते. तरी ते जिन्यावरून वर आमच्यापर्यंत आले तेव्हा ते फक्त व्हायोलिनविषयी राहिले नव्हते. आम्ही हातातला घास ठेवून थोडा वेळ तसेच बसलो.

वास्तविक दोन षड्जांचा प्रश्न आपल्या संगीताला अपरिचित नाही. पुरुषाचा आणि स्त्रीचा आवाज एकत्र आला की हा तंटा पट्टीपासूनच सुरू होतो. पंडित जसराजांनी त्यावर मूर्च्छनेच्या आधाराने जो तोडगा काढला तो 'जसरंगी' या नावाने रसिकांना ठाऊक आहे. गायकाचा मध्यम तो गायिकेचा षड्ज मानावयाचा. मग त्याने दुर्गा गावा, तिने भूप गावा, दोघे आपापल्या जागी बरोबर असतात. संजीव अभ्यंकर आणि अश्विनी भिडे-देशपांडे यांनी तो प्रकार मैफलींतून पुष्कळ रंगविला. परंतु तेथे युक्ती अशी आहे की दुर्गाचे पाच स्वर आणि त्याच्या मध्यमापासून मोजलेल्या भूपाचे पाच स्वर प्रत्यक्षात तेच आहेत. राग दोन, नावे दोन, भांडार एक. बार्टोकच्या या ओळींत वरच्याचे चार आणि खालच्याचे चार मिळून आठ स्वर होतात आणि त्यांत एकही सामाईक नाही. सप्तकाच्या बारा घरांपैकी आठ भरली, दोघांनी वाटून घेतली, पण एका घरात दोघे कधी भेटले नाहीत. एकाच छपराखाली दोन चुली म्हणतात त्यातला हा मामला.

भाऊंचे म्हणणे सुमारे तीन आठवडे तसेच राहिले. या काळात कन्या एकटीच वर आपला भाग घोटीत असे आणि आम्ही बार्टोकविषयी जे जे वाचावयास मिळेल ते वाचीत होतो. मास्तरकीचा हा गुण म्हणा वा खोड म्हणा: प्रश्न सुटत नसला की आम्ही त्याची पार्श्वभूमी वाचू लागतो.

बार्टोकचा जन्म १८८१ चा. १९०४ मध्ये त्याने एका दाईच्या तोंडून ट्रान्सिल्वेनियातील गाणे ऐकले आणि शहरात ज्याला हंगेरियन संगीत म्हणून मिरवितात त्याच्याखाली दुसराच एक झरा वाहतो आहे हे त्याला उमगले. १९०६ पासून तो आणि त्याचा मित्र कोडाय हे मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रण करणारे यंत्र घेऊन खेडोपाडी हिंडू लागले. म्हाताऱ्या शेतकरणींना गाते करणे किती कठीण असते ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. बार्टोक केवळ हंगेरियन गाण्यांवर थांबला नाही. रूमानियन, स्लोव्हाक, रुथेनियन, सर्बियन अशी गाणी त्याने हजारोंनी टिपली. १९१३ साली अल्जेरियातील बिस्क्रापर्यंत जाऊन अरबांची टिपली. चव्वेचाळीस युगुलांत ही सगळी मंडळी आहेत. पण मधल्या काळात काय झाले? पहिले महायुद्ध झाले, १९२० च्या त्रियानोनच्या तहाने हंगेरीचा सुमारे दोनतृतीयांश मुलूख गेला, आणि ज्या गावांतून त्याने गाणी आणली त्यांतील कितीतरी गावे शेजारी राष्ट्रांत जाऊन पडली. त्याचे जन्मगावसुद्धा रूमानियात गेले. रूमानियन लोकसंगीतावर लिहिले म्हणून त्याच वर्षी त्याच्या देशाभिमानाविषयी स्वदेशातच शंका घेतली गेली. तरी १९३१ मध्ये मुलांसाठी पुस्तक लिहावयास बसल्यावर या माणसाने सगळे शेजारी एका पुस्तकात आणून बसविले, आणि बसविले तेही जोडीजोडीने. १९४० मध्ये तो अमेरिकेत गेला, १९४५ मध्ये न्यूयॉर्कला वारला. त्याचे अवशेष १९८८ साली बुडापेस्टला परत आले.

हे वाचताना आम्हाला पावलोपावली देवास आठवत होते. इंदूरहून ते कितीसे दूर? कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने ग्रासलेले असे तेथे आले, गाणे वर्ज्य झाले, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या बाहेरून जाणाऱ्या मालवी बायकांची गाणी त्यांच्या कानांवर येऊ लागली. पुढे त्यांनी आणि भानुमतीबाईंनी ती गाणी जमविली. त्या धुनांतून कुमारजींनी नवे राग सिद्ध केले आणि त्यांना धुनउगम राग म्हटले. १९६५ च्या 'अनूपरागविलासा'त ते वाचकांना भेटतात. बेळगावकडचा, घरी कानडी आणि गाण्यात मराठी संस्कार असलेला माणूस. त्याला सापडला तो माळव्याच्या चार-पाच स्वरांत फिरणारा झरा. पण दोघांच्या वाटा येथे फुटतात. कुमारजींनी धून घेतली आणि तिच्याभोवती एक षड्ज पक्का करून राग उभारला. तंबोरा त्याला साक्षी. बार्टोकने धून घेतली आणि तिच्यासमोर दुसरी आणून ठेवली, तंबोरा काढून घेतला. आमचा कल आजही कुमारजींकडेच आहे हे लपवीत नाही. तंबोऱ्याच्या आधारावाचून गाणे म्हणजे आम्हाला अंगण नसलेल्या घरासारखे वाटते. पण दुसऱ्या प्रकारातही एक सचोटी आहे, हे मानावेच लागते.

आणि खरे सांगावयाचे तर आम्ही इंदूरचे मराठी लोक दोन षड्जांवर वाजतच आलो आहोत. होळकरांबरोबर आमचे पूर्वज आले, त्याला पावणेतीनशे वर्षे होत आली. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्यभारत हे राज्य मध्यप्रदेशात विलीन झाले आणि राजवाड्याच्या सावलीतली मराठी घराघरांत शिरली. आमच्या वडिलांचे हिशेब मोडीत, पत्रे मराठीत, पोस्टातले काम हिंदीत, आणि दूधवाल्याशी बोलणे मालवीत चाले. कोणत्याही एका भाषेत ते पाहुणे वाटत नसत. पुण्याचे पाहुणे आमच्या मराठीला हसतात, शाळेतले सहकारी आमच्या हिंदीला. दोघांचेही बरोबर आहे.

तीन आठवड्यांनी एका रविवारी सकाळी भाऊंनी खालून कन्येला हाक मारली. आम्हीही, मोटर पाहण्याच्या निमित्ताने, उतरलो. त्यांच्या समोर नकाशाचा कागद होता. कंपासने त्यावर एक वर्तुळ काढले होते आणि परिघावर घड्याळासारखी बारा घरे पाडून त्यांत सप्तकाचे बारा स्वर लिहिले होते. नातीचे चार स्वर लाल पेन्सिलीने, स्वतःचे चार निळ्याने. लाल सा बाराच्या जागी. निळा सा नेमका सहाच्या जागी. दोघांमधून ओढलेली रेघ वर्तुळाच्या मध्यातून जात होती.

"हे बघ," भाऊ म्हणाले, "तुझ्याकडून मोजलं तर मी तीव्र मध्यमावर. माझ्याकडून मोजलं तर तू तीव्र मध्यमावर. त्या जसराजांच्या प्रकारात एक जण मध्यमावर असतो नि दुसरा पंचमावर, म्हणजे कुणाला कुणी जवळ, कुणाला कुणी लांब. इथे तसं नाही. सहा घरं इकडून, सहा घरं तिकडून. हे दोघे समोरासमोर बसलेत."

नकाशे काढण्यात हयात गेलेल्या माणसालाच ही गोष्ट अशी दिसावी. कन्येच्या बाईंनी तिला जे पुष्कळ शब्दांत समजावून दिले होते ते भाऊंनी कंपासच्या एका फेऱ्यात मांडले. सा कुणाचा, या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले नाही; आणि एकत्र कशाला बसायचे, हा त्यांचा प्रश्न मात्र पुन्हा त्यांच्या तोंडून आला नाही. त्यांनी गजाला राळ लावली.

तरीही वाजविणे सोपे गेले नाही. कान हा वर्तुळावर विश्वास ठेवीत नाही. कन्येचा स्वर कानांवर आला की भाऊंचे बोट नकळत तिच्या स्वराकडे सरके. साठ-पासष्ट वर्षे मिळवून घेण्याचीच सवय जडलेले ते बोट. आपल्या जागी ठाम राहावयाचे आणि तरी दुसऱ्याचे ऐकावयाचे, हे एकाच वेळी करणे किती अवघड आहे ते आम्ही रोज जिन्यावर बसून पाहत होतो. केवळ न ऐकता वाजविले असते तर भाऊंना ते पहिल्याच दिवशी जमले असते, कन्येने ते लगेच ओळखले आणि एकदा गज थांबवून म्हणाली, "आजोबा, तुम्ही कान बंद करून वाजवताय." भाऊ हसले. पुन्हा सुरुवातीपासून.

रंगपंचमीच्या दिवशी ते जमले. सारे इंदूर गेर पाहावयास राजवाड्याकडे लोटले होते, गल्ली सामसूम. दूरवरून पाण्याच्या फवाऱ्यांचा आणि ढोलांचा आवाज येत होता. शहराबाहेर त्या दिवसांत गहू कापणीला आलेला असतो. सुगीच्या गाण्याला मुहूर्त चांगला साधला म्हणावयाचा. आम्ही ओसरीच्या उंबरठ्यावर बसलो होतो. संथ भाग सुरू झाला. वरची ओळ निघाली, खालची तिच्या मागोमाग. दोन्ही अगदी साध्या, शेताच्या बांधावर कोणी बाई गुणगुणावी तशा. पण एकत्र आल्यावर त्यांच्यामध्ये एक पोकळी थरथरत होती, उन्हात तापलेल्या रानावर हवा थरथरावी तशी. त्या थरथरीला कडू म्हणावे की गोड, ते आम्हाला ठरविता आले नाही. मग चालता भाग, पुन्हा संथ, पुन्हा चालता. शेवटच्या ओळींत हा सारा ताण सैल होतो आणि गाणे थांबते. भाऊंनी शेवटच्या स्वरावर एक बारीकशी मींड घेतली. कन्येने ऐकली आणि काही म्हणाली नाही.

गज खाली ठेवून भाऊ आमच्याकडे वळले. वर्षानुवर्षे मोटर आणि बिल यांखेरीज ज्यांनी आमच्याशी काही विषय काढला नव्हता ते म्हणाले, "दादा असता तर म्हणाला असता, हे काय मांजरांचं भांडण लावलंय. आणि दुसऱ्या दिवशी स्वतः वाजवायला बसला असता." आम्ही म्हणालो, "पहिला भाग मागितला असता त्यांनी." "तो नेहमीच पहिला मागायचा," भाऊ म्हणाले.

त्याच रात्री कागदाचा विषय त्यांनी आपणहून काढला. सही करीन असे ते म्हणाले नाहीत; करणार नाही असेही नाही. त्यांनी घर पाडण्याची भीती सांगितली, जी यापूर्वी त्या 'नाही'च्या मागे दडलेली होती: बांधकाम होईतो भाड्याच्या घरात जावे लागेल, आणि परत येण्यापुरते आयुष्य हातात आहे की नाही याचा भरवसा नाही. आम्ही आमची गरज सांगितली, कन्येच्या मुंबईच्या खर्चाचे आकडे मांडले. दोघांचेही म्हणणे जेथल्या तेथे राहिले. पण रात्री अकरापर्यंत आम्ही ओसरीवर बसलो होतो, आणि काकूंनी दोनदा चहा केला. पुढे मे महिन्यात छत तेवढे दुरुस्त करून घेतले. खर्च निम्मा निम्मा. बांधकामवाल्याला दिवाळीनंतर विचार म्हणून कळविले आहे. कागद कपाटातच आहे.

कन्या जुलैत मुंबईला गेली. जाण्यापूर्वी तिने भाऊंसाठी अठ्ठाविसावे युगुल सरगमात लिहून ठेवले. त्याचे नाव 'खिन्नता' असे काहीसे आहे, आणि ते भाऊंनी स्वतः निवडले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हायची आहे म्हणून अक्षर ठसठशीत हवे होते. आपला भाग भ्रमणध्वनीवर मुद्रित करून देते, त्याच्याबरोबर वाजवत जा, असेही ती म्हणाली. भाऊंनी साफ नकार दिला. बाईंची अट त्यांना चांगली आठवत होती.

"दिवाळीला ये," ते म्हणाले, "तोवर माझा भाग पाठ करून ठेवतो."

रोज संध्याकाळी दिवेलागणीला खालून तो एकटाच भाग ऐकू येतो.